मनगटावरचें बोट आणि कागदावरची रेषा

मुंबईहून पुण्याकडे येतांना लोणावळें मागें पडलें कीं थोड्याच वेळांत डाव्या हातास कार्ल्याचा डोंगर दिसूं लागतो. त्याच्या पोटांत सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कोरलेला चैत्य आहे. लांबी सुमारें १२४ फूट, उंची सुमारें ४५ फूट, दोहों बाजूंस स्तंभांच्या रांगा, आणि छताला अजूनहि टिकून राहिलेल्या लांकडी कमानी. आज ह्या डोंगरावर एकवीरेच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांची वर्दळ असते. त्या काळीं येथें भिक्षूंची वस्ती होती. ह्या लेण्यांचें जुनें नांव वलूरक. पावसाळ्याचे महिने येथें काढणाऱ्या भिक्षूंच्या निर्वाहासाठीं गांव दान दिल्याचा लेख येथील दगडावर आजहि वाचावयास मिळतो.

मनाला वळण लावणें हाच ज्यांचा आयुष्यक्रम, अशा माणसांची ही वसतिस्थानें. म्हणून आजच्या विषयाचा आरंभ मी येथूनच करतों. मनाच्या बळानें जड वस्तूंवर परिणाम घडवितां येतो, हा दावा फार जुना आहे. तो प्रयोगशाळेंत, यंत्रांपुढें, कसा तपासला गेला आणि त्या तपासणींतून काय निष्पन्न झालें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे. ह्या इतिहासाचें एक महत्त्वाचें प्रकरण कार्ल्यापासून अवघ्या सहा-सात मैलांवर, लोणावळ्यास घडलें.

बौद्धांच्या विनयग्रंथांत पिंडोल भारद्वाजाची एक गोष्ट आहे. राजगृहाच्या एका श्रेष्ठीनें चंदनाचें पात्र उंच वेळूवर टांगलें, आणि ज्याच्या अंगीं ऋद्धि असेल त्यानें तें उतरवून घ्यावें, असें जाहीर केलें. पिंडोलानें आकाशमार्गानें जाऊन तें आणलें, असें कथा सांगते. लोकांनीं जयघोष केला. बुद्धानें मात्र त्याची निर्भर्त्सना केली, तें पात्र फोडून टाकावयास लावलें, आणि गृहस्थांपुढें ऋद्धीचें प्रदर्शन करूं नये असा नियम घालून दिला. पतंजलीच्या योगशास्त्रांतहि सिद्धींचें वर्णन विस्तारानें आहे, परंतु समाधीच्या वाटेवर त्या अडथळाच होत, असा इशाराहि तेथेंच दिलेला आहे. सिद्धीचा दावा आणि त्या दाव्याविषयींचा संकोच, हीं दोन्ही आपल्याकडे सारखींच जुनीं आहेत.

तथापि एक गोष्ट लक्षांत ठेवावयास हवी. हा संकोच नैतिक होता. सिद्धीच्या प्रदर्शनानें अहंकार वाढतो, ध्येय दूर राहतें, ही त्यामागची चिंता. घडलें तें खरोखर घडलें काय, आणि कशामुळें घडलें, हा प्रश्न त्यांत नव्हता. तो प्रश्न विचारावयाचा तर डोळ्यांखेरीज दुसरा एखादा साक्षीदार हवा. तो साक्षीदार म्हणजे यंत्र.

यंत्राला साक्षीस बोलावणें म्हणजे काय, हें समजण्यासाठीं क्षणभर विलायतेस जाऊं. इ. स. १८५३ मध्यें इंग्लंडांत टेबलें फिरविण्याचें मोठें वेड पसरलें होतें. चारचौघें टेबलाभोंवतीं बसत, त्यावर हात टेकीत, आणि कांहीं वेळानें टेबल हलूं लागे. आपल्याकडे कित्येक सुशिक्षित घरांतून रात्रीं दार लावून प्लँचेट मांडीत. तो ह्याच कुळांतला प्रकार. विजेच्या संशोधनाबद्दल जगद्विख्यात झालेले मायकेल फॅरडे यांनीं ह्या टेबलाकडे लक्ष दिलें. त्यांनीं दोन लहान फळ्या घेतल्या, त्यांच्यामध्यें कांचेच्या बारीक कांड्या ठेवल्या, आणि वरची फळी खालच्या फळीवर जराशी सरकली तरी कळावें म्हणून एक लांब काडी उभी केली. बसणारानें वरच्या फळीवर हात ठेवावयाचा. टेबल आपण होऊन फिरत असेल तर खालची फळी आधीं सरकेल आणि काडी एका बाजूस कलेल. हात ढकलीत असतील तर वरची फळी आधीं सरकेल आणि काडी दुसऱ्या बाजूस कलेल.

काडीनें दाखविलें तें असें कीं हात आधीं ढकलतात, टेबल मागाहून हलतें. पण याहून विशेष गोष्ट पुढची आहे. बसणारांस ती काडी दिसेल अशी ठेवली, तेव्हां टेबल हलेनासें झालें. हीं माणसें लबाड नव्हतीं. आपण ढकलीत आहोंत ह्याची त्यांना जाणीवच नव्हती. ती जाणीव काडीनें दिली, आणि ढकलणें थांबलें. ह्यांतून एक मोठा धडा मिळाला. प्रामाणिकपणा हा पुरावा नव्हे. खोटें न बोलणारा मनुष्यहि चुकीची गोष्ट शपथेवर सांगूं शकतो. आणि दुसरा धडा असा कीं यंत्राला मोघम प्रश्न विचारून भागत नाहीं. “हें दैवी आहे काय?” ह्या प्रश्नाला काडीपाशीं उत्तर नाहीं. “आधीं हात सरकतो कीं टेबल?” ह्या प्रश्नाला आहे.

आतां लोणावळ्यास परत येऊं. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म १८८३ सालचा. पुढें ते स्वामी कुवलयानंद ह्या नांवानें प्रसिद्धीस आले. बडोद्यास प्रोफेसर माणिकराव यांच्यापाशीं त्यांनीं व्यायामाचें शिक्षण घेतलें, आणि नर्मदाकांठीं मालसर येथें परमहंस माधवदास यांच्यापाशीं योगाचें. कांहीं वर्षें त्यांनीं अंमळनेर येथें अध्यापनहि केलें. गुरूंनीं शिकविलेल्या क्रियांचा परिणाम शरीरावर होतो, हा त्यांचा अनुभव होता. परंतु तो कसा होतो हें परंपरेच्या भाषेंत एक सांगितलें जाई आणि डॉक्टरांच्या भाषेंत त्याला जागाच नसे. तेव्हां १९२० च्या सुमारास त्यांनीं बडोद्याच्या रुग्णालयांत क्ष-किरणांच्या साहाय्यानें उड्डीयान आणि नौलि ह्या क्रियांचा अभ्यास आरंभिला. १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली, आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक काढलें. आश्रम आणि प्रयोगशाळा एकाच आवारांत असावी, ही कल्पना त्या काळीं नवी होती.

त्यांच्या पहिल्या प्रयोगांपैकीं एक आपण पाहूं. हठयोगांत बस्ति नांवाची क्रिया आहे. साधक पाण्यांत बसतो आणि नळीच्या वाटे आंतड्यांत पाणी ओढून घेतो. पाणी तर स्वभावानें खालीं जाणारें; तें कोणत्याहि पंपावांचून वर कसें चढतें? पाहणाऱ्यास ही मनाची आज्ञाच वाटावी. आंतडीं उलट्या दिशेनें हालचाल करून पाणी ओढतात, असाहि एक तर्क होता. कुवलयानंदांनीं आंतल्या दाबाचा पाऱ्याच्या दाबमापकाशीं संबंध जोडला आणि साधकाला नौलि करावयास सांगितलें. पाऱ्यानें दाखविलें कीं नौलीच्या वेळीं आंतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबाहून कमी होतो. श्वास पूर्ण सोडून, कंठ मिटून, छाती फुगविल्यासारखी केली कीं पडदा वर ओढला जातो. पोटाचे मधले स्नायु पुढें काढले कीं उदराची पोकळी वाढते. आंत अंशतः निर्वात उत्पन्न होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आंत लोटते. ह्या निर्वाताला त्यांनीं आपल्या गुरूंचें, माधवदासांचें, नांव दिलें. गुरूवरील निष्ठा आणि पाऱ्यावरील विश्वास यांत त्यांना विरोध दिसला नाहीं.

हा निष्कर्ष योगाला अनुकूलच होता असें कोणी म्हणेल. म्हणून दुसरें उदाहरण देतों. प्राणायामानें शरीरांत अधिक प्राणवायु जातो, ही समजूत त्या वेळीं सर्वत्र रूढ होती. आजहि ती आपण सकाळच्या फिरण्यांत ऐकतों. कुवलयानंदांनीं श्वासांतून शोषला जाणारा प्राणवायु आणि बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजला. प्राणायामांत प्राणवायु विशेष शोषला जातो ह्या समजुतीला त्या मोजमापांचा आधार मिळेना. याचें कारण आतां आपणांस ठाऊक आहे: साध्या श्वासोच्छ्वासांतहि धमन्यांतील रक्त प्राणवायूनें जवळजवळ भरलेलेंच असतें, भरलेल्या घागरींत आणखी पाणी ओतून तें सांडावयाचें. प्राणायामाचें मोल प्राणवायूंत नसून मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामांत शोधलें पाहिजे, असें त्यांनीं स्पष्टपणें लिहिलें. योगाच्या प्रचारकाला सर्वांत सोयीचा असणारा युक्तिवाद त्यांनीं आपल्या हातानें बाजूस ठेवला.

ह्याच सुमारास अमेरिकेंतील येल विद्यापीठाचे बेहनान लोणावळ्यास येऊन त्यांच्यापाशीं योग शिकले. परत गेल्यावर त्यांनीं स्वतःवरच प्रयोग केले. उज्जायी, भस्त्रिका आणि कपालभाति चालूं असतां त्यांचा प्राणवायूचा खप सुमारें १२ ते २५ टक्क्यांनीं वाढलेला दिसला, आणि १९३७ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांनीं तो तसाच छापला. शिष्याचा आंकडा गुरूच्या मताशीं सरळ जुळला नाहीं. स्नायूंना श्रम पडले कीं खप वाढतो, हें उघड आहे, आणि प्रश्न कशाशीं तुलना करावयाची याचा होता. परंतु दोघांनींहि आंकडे झांकून ठेवले नाहींत. शास्त्राची वाट असल्याच मतभेदांतून पुढें जाते.

आतां मुख्य दाव्याकडे वळूं. योगी आपल्या इच्छेनें हृदय बंद करूं शकतो, असें शेंकडों वर्षें सांगितलें जात होतें, आणि हें सांगणाऱ्यांत डॉक्टरहि होते. त्यांनीं स्वतः मनगटावर बोट ठेवून नाडी गेलेली पाहिली होती, छातीला नळी लावून ठोके ऐकूं न आल्याचें अनुभवलें होतें. १९३५ सालीं फ्रान्सच्या हृदयतज्ज्ञ डॉ. तेरेझ ब्रॉस हृदयाच्या विद्युत्स्पंदनांचा आलेख काढणारें यंत्र घेऊन हिंदुस्थानांत आल्या. त्यांच्या एका आलेखांत हृदयाच्या लाटा इतक्या बारीक झालेल्या दिसल्या कीं दावा खरा असावा असें अनेकांस वाटूं लागलें.

१९५७ सालीं अमेरिकेचे वेंगर आणि बागची हे दोन संशोधक कित्येक नोंदी एकाच वेळीं घेणारें यंत्र बरोबर घेऊन आले. दिल्लीचे डॉ. बी. के. आनंद त्यांचे सहकारी होते, आणि लोणावळें हें त्यांच्या कामाच्या प्रमुख ठिकाणांपैकीं एक होतें. हृदय थांबवितों असें म्हणणारे तिघे, आणि हृदय मंद करितों असें म्हणणारा एक, असे चौघे त्यांना तपासावयास मिळाले. त्यांतील एक, मद्रासचे प्रसिद्ध योगाचार्य, हे ब्रॉस यांच्या प्रयोगांतहि होते.

काय आढळलें? साधक श्वास कोंडून, कंठ घट्ट मिटून, छातीचे व पोटाचे स्नायु आवळीत. त्यामुळें छातींतील दाब वाढतो; शिरांवाटे हृदयाकडे परतणारें रक्त अडतें; हृदयाला पुढें लोटावयास रक्तच उरत नाहीं, आणि मनगटावरची नाडी लागेनाशी होते. स्नायूंच्या आवाजांत हृदयाचा क्षीण आवाज बुडून जातो. परंतु कागदावरची रेषा मात्र ठोक्यामागून ठोका दाखवीत राहिली. तिघांपैकीं एकाचेंहि हृदय थांबलें नाहीं. ब्रॉस यांच्या आलेखाचाहि उलगडा झाला: श्वास कोंडल्यावर हृदयाची छातींतील स्थिति बदलते, आणि एकाच जोडणीनें आलेख काढला तर लाटांची उंची कमी दिसते. दुसरी जोडणी लावली कीं लाटा पुन्हां सांपडतात.

श्रोतेहो, येथें क्षणभर थांबून विचार करा. मनगटावर बोट ठेवणारा डॉक्टर खोटें बोलला नव्हता. नाडी खरोखरच गेली होती. चूक बोटाची नव्हती. नाडी गेली म्हणजे हृदय थांबलें, ह्या अनुमानाची होती. साक्ष खरी आणि निष्कर्ष खोटा, असें होऊं शकतें. चमत्कारांच्या किती हकीकती ह्या एका वाक्यांत सामावतील, याचा ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं हिशेब करावा.

पण हा इतिहास केवळ नकाराचा नाहीं. हृदय मंद करितों म्हणणाऱ्या त्या चौथ्या साधकाची हृदयगति खरोखरच पुष्कळ मंद झाली. आणखी एका योग्याची हकीकत तर अधिक मनोरंजक आहे. हिमालयांतल्या गुहेंत त्यानें हिवाळे काढले होते. कडाक्याच्या थंडींत उष्णतेचें ध्यान करावयास त्याला शिकविलें होतें. तो अभ्यास काहीं महिन्यांनीं असा फळाला आला कीं नुसत्या कल्पनेनें त्याच्या कपाळावर घाम येऊं लागला. संशोधकांसमोर त्यानें तो काहीं मिनिटांत आणून दाखविला. घामाच्या ग्रंथींवर आपला ताबा नसतो, असें वैद्यक त्या वेळीं मानीत असे. मन आणि शरीर यांच्यामध्यें मानलेली भिंत तेथें खरोखर पातळ निघाली. ज्या यंत्रानें एक दावा खोडून काढला, त्यानेंच दुसरा मान्य केला. आणि पहिला खोडतांना त्यानें हात आखडता घेतला नाहीं, म्हणूनच दुसऱ्या मान्यतेला किंमत आहे.

भूमिगत समाधीच्या दाव्याची कथा अशीच आहे. १८३७ सालीं रणजितसिंहाच्या दरबारीं लाहोरास हरिदास नांवाच्या साधूला पुरून सुमारें चाळीस दिवसांनीं जिवंत बाहेर काढलें, असें सांगतात. तेथें पहारा होता, मोहोर होती, प्रतिष्ठित साक्षीदार होते. मोजणारें साधन मात्र नव्हतें. आपण साधा हिशेब करूं. निवांत पडलेल्या मनुष्यास तासाला सुमारें १५ लिटर प्राणवायु लागतो, आणि तो सुमारें १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. सहा फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट खोल अशा हवाबंद पेटींत सुमारें २,७०० लिटर हवा मावते. तींत कार्बन डायऑक्साइडचें प्रमाण ५ टक्के व्हावयास १३५ लिटर पुरेत. म्हणजे सुमारें ११ तास. त्या प्रमाणाला धांप लागते, डोकें दुखूं लागतें, जीव घाबरा होतो. यावरून दोन गोष्टी निघतात. कांहीं तास पेटींत राहणें हा चमत्कार नव्हे, तें साध्या मनुष्यालाहि जमावें. आणि दिवसच्या दिवस राहावयाचें तर एकतर शरीराचा खप अत्यंत घटला पाहिजे, नाहीं तर बाहेरची हवा कोठून तरी आंत येत असली पाहिजे. भुसभुशीत मातींतून ती येतेच.

दिल्लीस डॉ. आनंद व त्यांचे सहकारी यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हवाबंद पेटींत बसलेल्या एका योग्याचा प्राणवायूचा खप नेहमींच्या किमान खपाहूनहि बराच खालीं गेला. लोणावळ्यास १९६० नंतरच्या दशकांत हवाबंद खड्डा बांधून, योगाभ्यासाची कमीअधिक तयारी असलेल्या माणसांना त्यांत ठेवून, आंतील वायूंचें प्रमाण मोजण्यांत आलें. राहण्याची मर्यादा ठरते ती मुख्यतः साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडनें, असें तेथें दिसलें. खप घटतो हें खरें. तो शून्य होत नाहीं हेंहि खरें.

उदयपूरच्या डॉक्टरांनीं १९७३ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग मात्र आजहि विचारांत पाडतो. एक योगी आठ दिवस खड्ड्यांत राहिला. हृदयाच्या आलेखाच्या तारा अंगाला जोडलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशीं आलेखाची रेषा सरळ झाली, आणि खड्डा उघडण्याच्या वेळेपूर्वीं सुमारें अर्धा तास पुन्हां हालूं लागली. यंत्रांत दोष सांपडला नाहीं, असें डॉक्टरांनीं नमूद केलें. मग हृदय आठवडाभर थांबलें होतें काय? कीं अंधारांत एक तार सुटली आणि पुन्हां लागली? त्या एका रेषेवरून हें ठरवितां येत नाहीं. शरीराचें तपमान, श्वास, दुसरी स्वतंत्र जोडणी, यांपैकीं एखादी नोंद अखंड असती तर प्रश्न तेथेंच मिटला असता. एकच साक्षीदार, मग तो यंत्र कां असेना, मोठ्या दाव्याला पुरा पडत नाहीं.

येथवर आपण शरीराच्या आंत होतों. मनाचा हुकूम शरीराबाहेरच्या वस्तूवर चालतो काय, हा त्याहून कठीण प्रश्न. १९७० सालीं हिमालयांतील स्वामी राम यांच्यावर अमेरिकेंतील मेनिंजर फाउंडेशनमध्यें प्रयोग झाले. आपल्या एकाच तळहाताच्या दोन जागांच्या तपमानांत त्यांनीं कित्येक अंशांचा फरक पाडून दाखविला. तो शरीरांतला परिणाम होता, आणि यंत्रांनीं तो नोंदविला. त्याच वेळीं, कांहीं फुटांवर टेकणावर फिरती ठेवलेली विणकामाची सुई त्यांनीं मंत्रोच्चारानें सुमारें १० अंश फिरविली, असाहि वृत्तांत आहे. फुंकर लागूं नये म्हणून तोंडावर मुखवटा चढविला होता. परंतु सुई उघड्या हवेंत होती. तिच्यावर कांचेची हंडी झांकली असती तर मुखवट्याची गरजच पडली नसती. फॅरडेच्या काडीसारखा एक साधा प्रश्न तेथें विचारावयाचा राहून गेला.

विलायतेंत व अमेरिकेंत ह्या प्रश्नावर पुढें पुष्कळ श्रम झाले. ड्यूक विद्यापीठांत राईन यांनीं १९३४ पासून फांसे टाकून मनाचा परिणाम होतो काय हें पाहिलें. प्रिन्स्टन विद्यापीठांत १९७९ पासून २००७ पर्यंत एक प्रयोगशाळा चालली. तेथें यंत्र आपल्याआपण नाणेफेकीसारखे आंकडे काढी, आणि समोर बसलेला मनुष्य ते वाढावेत किंवा घटावेत अशी इच्छा करी. लक्षावधि फेकींनंतर त्यांना परिणाम दिसला तो दहा हजारांत एखाददुसऱ्या फेकीएवढा. एवढा बारीक फरक खरा कीं हिशेबांतील गोंधळ, हें ठरविण्यासाठीं प्रिन्स्टन आणि जर्मनींतील फ्रायबुर्ग व गीसेन अशा तीन ठिकाणीं तोच प्रयोग आधीं ठरवून पुन्हां केला गेला. २००० सालीं त्याचा अहवाल निघाला: अपेक्षित परिणाम आढळला नाहीं. हा अहवाल छापणारांत दावा करणारेहि होते, हें त्यांच्या प्रामाणिकपणाचें चिन्ह होय.

आमच्याकडे ह्याच प्रश्नाची परीक्षा वेगळ्या रीतीनेंहि झाली. १९६६ सालीं मुंबईंत एका हठयोग्यानें पाण्यावरून चालून दाखविण्याचें जाहीर केलें. भारी किंमतीचीं तिकिटें लागलीं, प्रतिष्ठित मंडळी जमली, हौद भरला गेला. योगीबुवांनीं पाऊल टाकलें आणि ते सरळ तळाशीं गेले. लोकांनीं हंसून घर गांठलें. त्याच वर्षीं स्वामी कुवलयानंद निवर्तले. ह्या दोन घटनांचा एकमेकींशीं कांहीं संबंध नाहीं. परंतु योगाच्या नांवानें चालणाऱ्या दोन वाटा त्या वर्षीं शेजारीं शेजारीं दिसल्या. एका वाटेवर तिकीट काढून गर्दी जमली, घटकाभरांत करमणूक झाली, आणि योग थट्टेचा विषय झाला. दुसऱ्या वाटेवर चाळीसाहून अधिक वर्षें पारा, क्ष-किरण आणि वायूंचीं मापें चालत आलीं होतीं, तीं पुढेंहि चालूं राहिलीं.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा आहे असें समजूं नका. दम्यानें हैराण झालेला मनुष्य लोणावळ्यास येतो, तेव्हां त्याला चमत्कार नको असतो. कोणती क्रिया त्याला उपयोगी पडेल आणि कोणती अपाय करील, एवढेंच त्याला जाणून घ्यावयाचें असतें. प्राणायामानें रक्तांत जादा प्राणवायु भरतो असें मानून त्यानें औषध टाकलें तर जबाबदारी कोणाची? एखादा भाबडा तरुण समाधीच्या कथा ऐकून स्वतःला खड्ड्यांत पुरून घेईल, तर वर आपण केलेला ११ तासांचा हिशेब त्याला कोणी सांगावयाचा? योगाच्या खऱ्या गुणांवर ज्यांचें प्रेम आहे, त्यांनींच खोट्या दाव्यांविरुद्ध सर्वांत आधीं उभें राहिलें पाहिजे. कारण हौदांत बुडणारा योगी आपल्याबरोबर कपाळावर घाम आणणाऱ्या योग्यालाहि बुडवितो.

कार्ल्याच्या चैत्याच्या ओसरींत वैजयंतीच्या भूतपाल नांवाच्या श्रेष्ठीचा लेख आहे. हें शैलगृह अवघ्या जंबुद्वीपांत उत्तम आहे, असें त्यांत मोठ्या अभिमानानें नोंदविलें आहे. दावा लहान नाहीं. पण ज्या वास्तूबद्दल तो केला तिच्याच भिंतींवर तो कोरला गेला. येणाऱ्यानें वाचावा, मान वर करून त्या कमानींकडे पाहावें, वाटल्यास दोरी घेऊन लांबीरुंदी मोजावी, आणि मग पटलें तर मान डोलवावी. पुढल्या खेपेस कार्ल्यास गेलां कीं तो लेख अवश्य पाहा. आणि परततांना वाटेंत लोणावळें लागेल, तेथेंहि घटकाभर उतरा.